चिमूटभर मोरचूद आणि 14 तास दिवा

'फिशटँकमधलं शेवाळ कायमचं घालवा' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्याकडे तो भाच्याकडून आला, खाली प्रश्न : "मामा, चिमूटभर म्हणजे नेमकं किती?" त्याच्या टाकीत कोळंब्या आहेत. नसत्या तर मी एवढं लिहीत बसलो नसतो.

मेसेजचं म्हणणं असं : पाण्यात चिमूटभर मोरचूद टाका. खत अजिबात नको, नायट्रेट-फॉस्फेटनेच शेवाळ येतं. दिवा 14 तास चालू ठेवा म्हणजे झाडं जोर धरतील. शेवाळ खायला एक सकर मासा सोडा. आणि झाड कुठलंही चालेल, हिरवं असलं म्हणजे झालं.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याने शेवाळ मरतं, हे खोटं नाही. पण तांबं शेवाळापाशी थांबत नाही. कोळंब्या आणि गोगलगाई त्याच्या अगदी थोड्या अंशानेही दगावतात. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर बरंचसं तांबं कार्बोनेटबरोबर खाली बसतं. मृदू असेल तर तेवढीच चिमूट माशांनाही संपवते. टाकी किती लिटरची, पाणी कसलं, काही न विचारता हा गृहस्थ डोस सांगून मोकळा! वाळूत बसलेलं तांबं पाणी बदलूनही पुरतं निघत नाही, म्हणजे पुढे सोडलेल्या कोळंब्यांनाही धोका. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. एवढं करून मूळ कारण जागच्या जागी, त्यामुळे शेवाळ पुन्हा येणारच. कोणी आधीच टाकलं असेल तर आज अर्धं पाणी बदला, उद्या पुन्हा बदला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि कोळंब्या आधी दुसऱ्या भांड्यात हलवा.

खताचा मुद्दा जुना आहे. फॉस्फेट तोकडं ठेवलं की झाडं शेवाळावर मात करतात, असं पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोन हौशी टाकीवाल्यांनी 1996 मध्ये मांडलं होतं. पुढे पाणवनस्पतींचे जाणकार टॉम बार यांनी झाडांनी गच्च भरलेल्या, कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाक्यांत मुद्दाम फॉस्फेट घातलं. शेवाळ आलं नाही. खत भरपूर द्या आणि आठवड्याला अर्धं पाणी बदला, ही त्यांची पद्धत आज कितीतरी जण वापरतात. उपाशी झाडाची जुनी पानं पिवळी पडतात, त्यांना भोकं पडतात, आणि शेवाळ आधी नेमकं त्याच पानांवर बसतं. हां, चार काड्या लावलेल्या टाकीत मासे खच्चून भरले, वर खाणं उरेल इतकं टाकलं, तर शेवाळ येतं, एवढं मान्य. तो दोष खताच्या बाटलीचा नव्हे.

14 तास दिवा म्हणजे शेवाळाला आमंत्रणच. 6 ते 8 तास पुरतात. टायमर लावा, खिडकीतलं ऊन टाकीवर पडू देऊ नका. प्रकाश वाढवला आणि कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहिला, तर झाडांना तो जास्तीचा प्रकाश वापरता येत नाही.

सकर मासा फूटभराच्या वर वाढतो आणि घाणही त्याच मापाने करतो. निळसर-हिरवा, बुळबुळीत थर तर शेवाळच नव्हे, ते जिवाणू आहेत. त्याला सकरही तोंड लावत नाही.

राहिलं 'कुठलंही हिरवं झाड'. लकी बांबू जमिनीवरचं झाड आहे. पानं पाण्याखाली गेली की कुजतात आणि शेवाळाचं आयतंच फावतं. नव्या टाकीत वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट अशी भराभर वाढणारी झाडं पहिल्या दिवसापासून दाटीने लावा. क्रिप्टोकोरिनची पानं सुरुवातीला विरघळली तर उपटू नका, मुळं शाबूत असतील तर नवी फुटतात; विरघळलेली तेवढी कापून बाहेर काढा. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा जाड कंद वाळूत पुरू नका, तोही कुजतो. दोऱ्याने दगडाला नाहीतर लाकडाला बांधा.