तोंड सोडून सगळं तपासलं

बाबांची शुगर गेली दोन वर्षं हट्टाला पेटली होती. गोळ्या वाढल्या, भात कमी झाला, संध्याकाळच्या कमला नेहरू पार्कच्या फेऱ्या वाढल्या, तरी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा) ८.६. दर दिवाळीनंतर आम्ही ते 'फुल बॉडी चेकअप' करतो. रंगीत, जाडजूड रिपोर्ट येतो. त्यात व्हिटॅमिन डी असतं, थायरॉइड असतं, किडनी, लिव्हर सगळं असतं. तोंड नसतं. इतकी वर्षं हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासकट.

शेवटी दाढ ठणकायला लागली म्हणून कर्वेनगरच्या एका डेंटिस्टबाईंकडे गेलो. (दुपारी एक ते चार बंद. पुणं आहे.) त्यांनी दाढ नंतर बघितली. आधी हिरडी जरा दाबली आणि विचारलं, "काका, डायबेटिस आहे का?" बाबा थक्क. बाईंना ज्योतिष येतं असंच त्यांना वाटलं.

मग त्यांनी बारीक खुणांची एक सळई घेतली आणि दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीत एकेका ठिकाणी हलकेच घालून आकडे सांगायला सुरुवात केली. चार, पाच, चार, सहा, सात. असिस्टंट मुलगी लिहून घेत होती. मिलिमीटर होते ते. तीनपर्यंत ठीक, त्याच्या पुढे हिरडी दाताला सोडायला लागलीय असं समजायचं. बाबांच्या खालच्या दाढांना एकही तीन नव्हता. आणि यातलं काहीच दुखत नव्हतं! दुखणारी दाढ वेगळीच होती. ब्रश करताना रक्त यायचं, पण त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "ब्रश कडक आहे." आम्ही राखुंडीवर वाढलेली माणसं, आम्हाला काय होतंय, हेही वर.

मला तिथे समजलेली गोष्ट अशी. शुगर जास्त असली की हिरड्यांचं इन्फेक्शन बळावतं आणि लवकर बरं होत नाही, एवढं आपल्याला ऐकून माहीत असतं. उलट दिशेनेही तेच चालतं. हिरड्यांची सूज वर्षानुवर्षं राहिली की तिच्यातून रक्तात जी रसायनं उतरतात, ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. हिरड्यांवर उपचार केले की एचबीएवनसी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो, असं अभ्यासांत दिसलंय. आकडा छोटा वाटतो. पण एवढ्यासाठीच कधीकधी आणखी एक गोळी वाढवतात. दोन सिटिंगमध्ये भूल देऊन हिरडीखालचं कीटण खरवडून काढलं. तीन महिन्यांनी बाबांचा आकडा ८.१. सगळं श्रेय दातांना देणार नाही, त्या काळात घरात श्रीखंड आणणं मी बंद केलं होतं.

"साफ केले की दात ढिले होतात" हे आमच्या सोसायटीत अजूनही ठामपणे सांगितलं जातं. ढिले आधीच झालेले असतात हो. कीटणाने त्यांना धरून ठेवलेलं असतं, ते निघालं की हलणं जाणवतं.

आता दुसरं टोकही नको. 'दात घासा, हार्ट अटॅक टाळा' छापाचे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड मला येतात. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार पुष्कळदा एकत्र आढळतात हे खरं, पण एकामुळेच दुसरा होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि डायबेटिस हिरड्या आणि हृदय दोन्ही बिघडवतातच. मात्र ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यांच्यासाठी हा विषय खरोखर गंभीर आहे. तोंडातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसू शकतात, म्हणून दात काढण्याआधी त्यांना अँटिबायोटिक देतात. झडपेचं डेंटिस्टला आधी सांगा. आणि रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करून जाऊ नका.

मला जास्त टोचते ती आजीची गोष्ट. शेवटचं वर्ष ती अंथरुणावर होती. ब्युरोच्या मावशी रोज अंग पुसायच्या, वेणी घालायच्या, पावडर लावायच्या. कवळी मात्र रात्रंदिवस तोंडातच. काढली तर ती बोलताना विचित्र दिसते म्हणून आम्हीच काढू द्यायचो नाही. तिला दोनदा न्यूमोनिया झाला. कवळीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण अंथरुणावरच्या माणसाच्या तोंडातली घाण श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरू शकते, आणि रात्री कवळी काढून, घासून, वाटीत पाण्यात ठेवायची असते, हे दोन्ही वेळा आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पैशांचं म्हणाल तर मेडिक्लेम बहुतेक वेळा दातांसाठी हात वर करतो. डेंटल कॉलेजमध्ये बरंच स्वस्तात होतं, विद्यार्थी करतात, वेळ जातो, पण वर शिक्षक बघत असतात. पेन्शनरांकडे वेळच तर असतो.

बाबा सध्या पार्कातल्या बाकावर सगळ्यांना विचारत फिरतात, "रक्त येतं का हो घासताना?" परवा जोशीकाकांनी तिथेच आ करून दाखवलं. बाबांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "सहा तरी असेल."