भावना नसल्याचा दाखला कसा काढावा

मंडळी, कोणाला उडवायचं वगैरे डोक्यात असेल तर आधी हे वाचून घ्या, नंतर वकिलाला पैसे जातील.

हे अचानक कुठून काढलं म्हणाल तर मी नाही काढलं भो, ऐकून घ्यावं लागलं. मागच्या महिन्यात आमचे मामा फैजपूरहून यावलकडे लुनावर येत होते, मागून काळ्या काचांची गाडी आली, लुना नालीत आणि मामा केळीच्या बांधावर. पाय दोन ठिकाणी मोडला. गाडी थांबली बरं का, थांबली नाही असं म्हणणार नाही. पोरगा खाली उतरला, पुढचा बंपर बघितला, बंपरचा फोटो काढला आणि निघून गेला. मामा पाणी मागत होते. मे महिन्यातली दुपार, आपल्याकडची. मग दोन-चार दिवसांनी त्याचा काका दवाखान्यात आला, पिशवीत सफरचंदं (घरचा केळीचा बाग, आणि आणली सफरचंदं), आणि कॉटवर टेकून म्हणतो, "पोरावर राग नका धरू आबा, त्याले लहानपणापासूनच समोरच्याचं दुखणं समजत नाही. मुंबईच्या डॉक्टरले दाखवेल आहे. वकीलसाहेब म्हणे तो रिपोर्ट लावू, शिक्षा कमी होते."

तर या काकांच्या प्रेरणेने खालील मार्गदर्शन, विनामूल्य.

पहिलं म्हणजे रडायचं नाही. रडलात की संपलं, तुम्हाला भावना आहेत हे सिद्ध झालं. ज्या बावळटाच्या हातून चूक होते आणि जो तिथेच डोकं धरून बसतो, जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात नेतो, मग स्वतःच्या पायाने पोलिस स्टेशनला जातो, त्याला शिक्षा पूर्ण, कारण त्याला सगळं समजत होतं ना. तुम्ही फोटो काढा, घरी जा, शेवभाजी चापा, पंखा पाचवर करून झोपा. जितकी गाढ झोप तितकी सवलत जास्त.

गर्दी जमली तर मोबाईल आडवा धरून शूटिंग करणाऱ्यांनाच साक्षीदार करा, त्यांचाही रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल.

दुसरं, मार्क चांगले पाडा. कॅनडातले एक मानसशास्त्रज्ञ आहेत रॉबर्ट हेअर, त्यांनी यादी केलीय, 20 मुद्दे, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2, म्हणजे पेपर 40 मार्कांचा, आणि अमेरिकेत साधारण 30 च्या पुढे गेलात की तुम्ही सायकोपॅथ, म्हणजे ज्याला दुसऱ्याचं दुखणं, पश्चात्ताप असलं काही वाटतच नाही असा माणूस. मुद्दे काय, तर सराईतपणे खोटं बोलणं, पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या जिवावर जगणं, केल्याची जबाबदारी न घेणं. आपल्या तालुक्यातले काही पुढारी अभ्यास न करता पास होतील. फक्त एक भानगड आहे, ती यादी तिकडे कोर्टात बरेचदा सरकारी वकीलच पुढे करतो, हा माणूस बाहेर आला की परत करेल हे दाखवायला. वकीलसाहेबांना हे सांगू नका, उगाच फी परत मागायची वेळ येईल.

तिसरं, मेंदूचा फोटो. दिसायला भारी दिसतो, रंगीत असतो. 2012 साली अमेरिकेत 181 न्यायाधीशांना एक बनवलेली केस दिली होती, आरोपी सायकोपॅथ, निम्म्यांना सांगितलं की त्याच्या मेंदूतच असा असा दोष आहे, निम्म्यांना ते सांगितलं नाही. मेंदूचं ऐकलेल्यांनी सरासरी 12.83 वर्षं दिली, बाकीच्यांनी 13.93. म्हणजे एवढा उपद्व्याप करून वर्षभराची सूट. आणि ती कागदावरच्या आरोपीला. खऱ्या कोर्टात 2009 मध्ये अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात ब्रायन ड्यूगन नावाच्या खुन्याच्या वकिलांनी मेंदूच्या तपासणीचा पुरावा मांडला, ज्युरीने ऐकून घेतला आणि मृत्युदंडच सुनावला. पुढे त्या राज्याने मृत्युदंडच बंद केला म्हणून तो वाचला, मेंदूमुळे नाही.

आता कायद्याचं, इथे जरा लक्ष द्या कारण इथेच काकांचा सगळा हिशोब चुकतोय. वेडेपणाची सूट आपल्याकडे आहे, 1860 पासून आहे, आधी आयपीसीचं कलम 84 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 22. त्यात असं लिहिलंय की कृत्य करताना मन ठिकाणावर नसल्यामुळे आपण काय करतोय हे ज्याला कळत नव्हतं, किंवा ते चुकीचं आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याला गुन्हा लागत नाही. आणि हे सिद्ध आरोपीने करायचं. हे तत्त्व आलं इंग्लंडमधून, 1843 साली लंडनमध्ये मॅकनॉटन म्हणून एकाने पंतप्रधान समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, पंतप्रधानांच्या टोरी पक्षाचे लोक आपल्या जिवावर उठलेत असा त्याला खरंच भ्रम होता. त्याच्यासारख्यांसाठी सूट आहे आणि असलीच पाहिजे, आपल्या गावातही असा एखादा असतो, त्याला कोणी जेलात टाका म्हणत नाही. पण कायदा विचारतो कळत होतं का. वाईट वाटत होतं का, हे विचारतच नाही. तुमच्या पोराला कळत नव्हतं? मग बंपरचा फोटो कशाला काढला? गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजला कशी गेली, तीही भुसावळच्या, फैजपूरचं गॅरेज जवळ असताना? नाक्यावर पोलिसांची गाडी दिसली की त्याचा पाय बरोब्बर ब्रेकवर जातो, बापासमोर आवाज चढत नाही, आमदार आले की वाकून पाया पडतो. म्हणजे कुठे थांबायचं हे त्याला समजतं, फक्त लुनावाल्यापुढे समजत नाही!

हो, शहाणी माणसं याची दुसरी बाजू मांडतात, तीही सांगतो. म्हणतात की ज्याला दुसऱ्याच्या वेदनेचं काहीच वाटत नाही त्याच्यासाठी माणसाला उडवणं आणि नो पार्किंगमध्ये गाडी लावणं सारखंच, दोन्ही नुसते नियम, तर त्याला पूर्ण दोषी कसं धरायचं. ठीक आहे, धरू सारखंच. नो पार्किंगला पावती फाडतातच ना?

आणि मनाची तपासणी कोर्ट करायला सांगतं हेही खरं आहे, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशच्या एका केसमध्ये त्याबद्दल नीट लिहून दिलंय. पण ते फाशीच्या केसमध्ये, माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे ठरवताना. मामांच्या केसमध्ये लागलंय न्याय संहितेचं कलम 125, बेदरकारपणाने गंभीर दुखापत, जास्तीत जास्त तीन वर्षं नाहीतर दहा हजार दंड नाहीतर दोन्ही. म्हणजे नुसत्या दंडावरही सुटू शकतो. यात अजून काय कमी करायचं, दंडाचे हप्ते पाडायचे का? आपल्या राज्यात दोन जीव गेल्यावर तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन झालेला आहे, ते सगळ्यांना माहितीये, निबंध कोणी वाचला ते विचारू नका.

शेवटची टीप: दाखला काढताना घरात पैसा असावा. सातपुड्याच्या पाड्यावरचा पोरगा मोबाईल चोरीत आत जातो, जामीनदार मिळत नाही म्हणून आतच राहतो, त्याच्या मनाची तपासणी करायला मुंबईचा कोणता डॉक्टर आलाय आतापर्यंत? त्याला आपण सरळ चोर म्हणतो. बागायतदाराच्या घरात तेच निघालं की त्याला आजाराचं नाव मिळतं, इंग्रजीत, लेटरहेडवर.

बास झाली थट्टा. काका, तुम्ही हे वाचत असाल तर सरळच बोलतो. लहानपणापासून त्याला दुसऱ्याचं दुखणं समजत नाही असं तुम्हीच म्हणालात, मामांच्या कॉटवर बसून, मी समोर होतो. लहानपणापासून म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. मग अठरा पूर्ण झाल्या झाल्या त्याला ती गाडी कोणी घेऊन दिली? ब्रेक नाहीत हे माहीत असून ट्रॅक्टर बाजारात आणणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? काचा काळ्या कोणी करून दिल्या? मागे त्याने शाळेजवळ एका सायकलवाल्याला ढकललं तेव्हा मिटवायला कोण गेलं होतं, तुम्हीच ना? आजार होता तर इतकी वर्षं उपचार का नाही केले, रिपोर्ट नेमका एफआयआर झाल्यावरच कसा सापडला? आणि त्याला नसेल वाटत काही, धरून चालू, तुम्हाला तर वाटतं ना? तुमचा मेंदू तर बरा आहे? मग मामांच्या पायातला रॉड बघून तुम्ही पहिलं वाक्य शिक्षेचं का काढलं, दुखतंय का असं एकदाही का नाही विचारलं?

सफरचंदं आम्ही वॉर्डात वाटून टाकली. केस मागे घेणार नाही. तारीख लागली की मामांना कुबड्यांवर घेऊन येतो, तुम्ही पोराला घेऊन या, आणि रिपोर्ट आणायचा तर खुशाल आणा, फक्त गाडी त्याला चालवू देऊ नका.