शंभर रुपये आणि आजोबांची शेती

आज रविवार, म्हणून सकाळी आठलाच मामांच्या शेतावर पोहोचले होते. पारनेर तालुक्यातील त्यांच्या जमिनीपैकी दोन एकरांवर गेली चार वर्षे हुरड्याच्या हंगामात पर्यटक येतात, आणि जानेवारीतल्या रविवारी घरची माणसे कमी पडतात, म्हणून मी फाटकाशी पावत्या फाडायला बसते. अकराच्या सुमारास एक मोठी गाडी आली. पुढे बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांनी पाटी वाचली. माणशी शंभर रुपये प्रवेशशुल्क, हुरडा आणि जेवण यांचे पैसे वेगळे. त्यांनी काच खाली केली आणि मला विचारले, "शेत बघायचे पैसे? आमच्या आजोबांचीही शेती होती."

मागच्या आसनावर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती आणि ती गोठ्यातल्या वासराकडे बोट दाखवत होती. गाडी वळायला लागली तेव्हा मामा हुरडा भाजायच्या आगटीजवळून धावत आले आणि त्यांनी खिडकीतून त्या मुलीच्या हातात भाजलेले एक कणीस दिले. गृहस्थांनी ते घेऊ दिले. पुढे दोनशे पावलांवर गाडी थांबली, सगळे उतरले आणि शेजाऱ्यांच्या उभ्या ज्वारीत शिरून त्यांनी छायाचित्रे काढली. जाताना बांधावरची चार कणसे मोडलेली होती.

दिवसभर काम केले, पण ते वाक्य डोक्यातून गेलेले नाही. म्हणून हे लिहीत आहे.

शेत बघायचे पैसे म्हणजे नेमके कशाचे पैसे, हे त्या गृहस्थांना मी तेव्हा सांगू शकले नाही, ते इथे सांगते. ज्वारीचा दाणा दुधाळ असून अजून टणक झालेला नाही, अशी अवस्था एका तुकड्यात जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. दोन महिने पाहुण्यांना हुरडा मिळायचा असेल, तर मामांना गूळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीची पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने करावी लागते, आणि ती करताना जानेवारीत किती माणसे येणार आहेत हे त्यांना ठाऊक नसते. ज्या तुकड्याच्या वाट्याला गर्दीचा रविवार आला नाही, त्याचे दाणे टणक होतात आणि मग ती साधी ज्वारी म्हणून बाजारात जाते. कणसात दाणा भरू लागला की पाखरे उतरतात, म्हणून पहाटेपासून एक माणूस माळ्यावर गोफण घेऊन उभा असतो. आगटीला लागणाऱ्या गोवऱ्या मामी पाऊस उघडल्यापासून थापून रचून ठेवतात. पाहुण्यांसाठी दोन स्वच्छतागृहे बांधली आहेत, त्यांना पाणी पुरवावे लागते, ती दिवसातून चार वेळा धुवावी लागतात. यातला एकही खर्च कोणी हुरडा खाल्ला की नाही, यावर अवलंबून नाही. पहिली दोन वर्षे प्रवेश मोकळा होता, तेव्हा निम्मी माणसे यायची, शेतभर हिंडायची, स्वच्छतागृह वापरायची, कणसे ओरबाडून बघायची आणि जेवण बाहेर ढाब्यावर करायची. शंभर रुपयांची पाटी त्यातून आली.

आपण मॉलमध्ये नुसती गाडी उभी करण्याचे पैसे देतो. कासच्या पठारावर फुले बघायला जातो तेव्हा शुल्क भरतो आणि २०१२ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, असे मुलांना अभिमानाने सांगतो. तिथे फुले आपोआप उगवतात, तरी राखण करणाऱ्यांचे पैसे द्यायचे हे आपल्याला पटते. जिथे ज्वारीचे प्रत्येक ताट माणसाने पेरलेले, राखलेले आहे, तिथे मात्र शंभर रुपये काढताना आपल्याला आजोबा आठवतात. मला याचा राग येतो आणि तो राग मी लपवणार नाही. ज्या आजोबांची शेती होती, त्यांनी ती केली तेव्हा पाखरे राखायला कोण उभे होते, हे त्या गृहस्थांनी त्यांना कधी विचारले होते का?

काही ठिकाणी माणशी सातशे-आठशे रुपये घेऊन पाहुण्यांना एक झोका आणि थंड पिठले देतात, हे मला मान्य आहे. त्या अनुभवाने माणूस सावध होत असेल, तर त्यालाही मी दोष देणार नाही. पण पाटीवर शंभर रुपये लिहिलेले असताना फाटकावरूनच परत फिरणे म्हणजे सावधपणा नव्हे.

आता थोडे शांतपणे लिहिते, कारण या प्रश्नाला एक जुनी बाजू आहे आणि ती त्या गृहस्थांपेक्षा मामांना अधिक छळते. हुरड्याला पूर्वी बोलावणे असायचे. माझ्या लहानपणी आम्ही दर जानेवारीत याच शेतावर येत होतो, तळहातावर चोळलेला गरम हुरडा शेंगदाण्याच्या चटणीशी आणि गुळाशी खात होतो, आणि परत जाताना पिशवी भरून नेत होतो. कोणी एक पैसा मागितला नाही. पण ते फुकट नव्हते. मामांचा थोरला मुलगा दोन वर्षे आमच्या पुण्याच्या घरी राहून शिकला. मामींच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे सगळे घर पंधरा दिवस आमच्याकडे होते. हुरड्याची परतफेड वर्षभर, आयुष्यभर चालायची आणि म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. आज गाडीतून येणारा पाहुणा मामांच्या मुलाला घरी ठेवून घेणार नाही आणि त्याने तसे करावे, अशी कोणाची अपेक्षाही नाही. नाते नसलेल्या माणसाने नात्यातला पाहुणचार घ्यायचा असेल, तर त्याच्या जागी काहीतरी ठेवावे लागते. ते शंभर रुपये त्या जागी आहेत. आजोबांच्या शेतीचा दाखला देऊन जुना पाहुणचार मागायचा आणि जुनी परतफेड मात्र विसरायची, हे मला मान्य होणार नाही.

पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामतीजवळच्या पळशीवाडीत कृषी पर्यटन सुरू केले, त्याला आता वीस वर्षे झाली. २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण आणले, नोंदणीची सोय झाली, मामांनीही प्रमाणपत्र घेऊन ते ओसरीत लावले आहे. पण दारात आलेल्याकडे पैसे मागण्याचे बळ प्रमाणपत्रातून येत नाही. प्रवेशशुल्काची पाटी रंगवून आणली, तेव्हा मामांनी ती आठ दिवस गोठ्यात उलटी ठेवली होती. "दारात आलेल्या माणसाकडं पैसे मागायचे म्हणजे जीव कसानुसा होतो गं," असे ते मला म्हणाले होते. शेवटी मामींनी स्वतः ती फाटकाला बांधली, कारण स्वच्छतागृहे त्या धूत होत्या.

आज बहुतेकांनी काहीही न बोलता पैसे दिले, हेही लिहायला हवे. एका आजींनी पावती घडी घालून पाकिटात ठेवली आणि मामींना विचारून चुलीपुढे बसून दोन भाकरी थापल्या. पण दिवसाअखेर मनात राहतो तो तोच एक माणूस.

संध्याकाळी पावत्यांचा हिशेब करताना मी मामांवरच चिडले. कणीस द्यायला का गेलात, तुम्हीच असे केलेत तर पाटीचा उपयोग काय, असे बरेच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "लेकरू होतं ते. अन् लेकराला तर तिकीटच नव्हतं."

ते खरे होते. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले आहे की दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. त्या गृहस्थांनी तिथपर्यंत वाचले नव्हते आणि मीही रागाच्या भरात ते सांगितले नाही. ती मुलगी वासराजवळ जाऊ शकली असती.

मी निघाले तेव्हा मामा पाटी उतरवून अंगणात बसले होते आणि तेवढी एक ओळ पांढऱ्या रंगाने मोठी करत होते. शंभराच्या आकड्याला त्यांनी हात लावला नव्हता.