प्रयोगशाळा हवीच, पण सांडपाण्याचं काय?

माणसांचं आणि प्राण्यांचं आरोग्य एकत्र अभ्यासणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (One Health) संस्थेची पायाभरणी नागपुरात डिसेंबर २०२२ मध्ये झाली. धोकादायक विषाणू हाताळणाऱ्या अशा प्रयोगशाळांबद्दल भारतातली चर्चा कानावर येते ती दोनच सुरांत: ‘आपणही मागे नाही’, नाहीतर ‘विषाणू सुटला तर?’ दुसरा प्रश्न रास्त आहे. पण दारावर पहारा सगळेच बसवतात. इंग्लंडमध्ये विषाणू सुटला तो गटारातून.

ऑगस्ट २००७, सरे परगण्यातलं पर्ब्राइट. एकाच आवारात लाळ्या-खुरकुतावर संशोधन करणारी सरकारी पैशावरची संस्था आणि त्याच रोगाची लस बनवणारी मेरियल कंपनी. कंपनीत विषाणू वाढवायचा तो हजारो लिटरच्या हिशेबात. विषाणू मारायला सांडपाण्यात आधी सायट्रिक आम्ल, मग सामायिक प्रकल्पात कॉस्टिक सोडा. पहिल्या टप्प्यात सगळा विषाणू मरत नसे, म्हणजे मधल्या पाइपातून तो जिवंत वाहत होता. पाइप जुना, सांधे सरकलेले, आत झाडांची मुळं. जुलैत धो धो पाऊस झाला, त्यात आवारात बांधकाम. ट्रकच्या चाकांना लागलेल्या मातीतून विषाणू बाहेर गेला असावा, असं तपासात निघालं. आठ ठिकाणची जनावरं बाधित झाली.

पाइप दुरुस्त करायला हवा हे ठाऊक होतं. घोडं अडलं खर्च कोणी करायचा यावर. शिवाय परवाना देणारं, तपासणारं आणि तिथली कामं करवून घेणारं खातं एकच: डेफ्रा, म्हणजे पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण विषयांचं ब्रिटिश खातं! पुढे तपासणी एचएसई या कामाच्या जागची सुरक्षा पाहणाऱ्या वेगळ्या यंत्रणेकडे गेली.

आपल्याकडे जनुकबदलाच्या संशोधनावर नजर ठेवणारी आरसीजीएम समिती जैवतंत्रज्ञान विभागातच बसते आणि संशोधनाला पैसाही तोच विभाग देतो. वेगळ्या प्राधिकरणाचं विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आलं (फार धड नव्हतंच ते) आणि त्या लोकसभेबरोबरच संपलं.

तेव्हा नागपूरबद्दल विचारायचं ते हे: सांडपाणी १२१ अंशांना तापवणाऱ्या टाक्या किती, एक बंद पडली तर दुसरी आहे का? टाकीत चिवट जिवाणूंचे बीजाणू ठेवून ते मरतात की नाही, हे कोण तपासणार? पाइप दुहेरी भिंतीचा आणि डोळ्यांसमोर, की जमिनीत गाडलेला? देखभालीचा पैसा दरवर्षी वेगळा राखलाय का?

इंग्लंडही काही धुतल्या तांदळासारखं नाही. वेब्रिजची प्राणिरोग प्रयोगशाळा इतकी खालावली की २०२२ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने डेफ्राला धारेवर धरलं. पण ते कार्यालय डेफ्राच्या हाताखालचं नाही, आणि तो अहवाल कोणालाही वाचता येतो.