अकिलीसची टाच होमरच्या काव्यात नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश थोड्याफार शब्दफरकाने पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचा आशय असा आहे: प्राचीन ग्रीक कवी होमरने ट्रॉयच्या युद्धावरील ‘इलियड’ या महाकाव्यात सांगितल्याप्रमाणे ग्रीक वीर अकिलीसला त्याची आई, समुद्रदेवता थेटिस, हिने तान्हेपणी पाताळातील स्टिक्स नदीत बुडवले, त्यामुळे त्याचे शरीर अभेद्य झाले, पण तिने धरलेली टाच कोरडी राहिली, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने नेमक्या त्याच टाचेत बाण मारला, पुढे लाकडी घोड्याच्या युक्तीने ट्रॉय पडले आणि तेथे काव्य संपले, ही कथा इतकी प्राचीन आहे की ग्रीक वैद्यांनी टाचेमागच्या शिरेला अकिलीसचे नाव दिले, आणि मुळात ही सगळी कल्पना महाभारतातील दुर्योधनावरून उचललेली आहे. यातील पहिली तीन विधाने मूळ ग्रंथ उघडले की टिकत नाहीत. चौथ्यात खऱ्याचा एक अंश आहे, परंतु तो संदेश लिहिणाऱ्याच्या हाती लागलेला दिसत नाही.

स्टिक्स नदीपासून सुरुवात करू. ‘इलियड’चे सर्ग २४ आहेत आणि ओळी साडेपंधरा हजारांवर, त्यात थेटिस अनेकदा येते, मुलासाठी रडते, देवांचा राजा झ्यूस याच्याकडे गाऱ्हाणे नेते, परंतु तिने त्याला कोणत्या नदीत बुडवल्याचा उल्लेख एकदाही येत नाही. उलट होमरच्या अकिलीसला जखम होते. एकविसाव्या सर्गात अस्टेरोपायस नावाचा योद्धा, जो दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने भाला फेकतो, एकाच वेळी दोन भाले सोडतो. एक ढालीवर अडतो आणि दुसरा अकिलीसच्या उजव्या कोपराला चाटून जातो, रक्त येते. त्याच सर्गात पुढे अगेनोर हा ट्रॉयचा वीर पळावे की उभे राहावे याचा विचार करताना स्वतःची समजूत घालतो, ती अशी की याचेही अंग धारदार शस्त्राने कापले जाते, याच्यातही एकच जीव आहे आणि लोक याला मर्त्यच म्हणतात. मग तो भाला फेकतो, तो अकिलीसच्या गुडघ्याखाली लागतो आणि परततो. मात्र तो कातडीवरून परतत नाही, हेफेस्टस देवाने घडवलेल्या नव्या पायकवचावरून परततो. हे कवच थेटिसने अठराव्या सर्गात रात्रीतून मुलासाठी घडवून घेतलेले आहे, कारण त्याचे आधीचे चिलखत ते घालून लढलेला त्याचा मित्र पॅट्रोक्लस याच्या अंगावरून ट्रॉयचा सेनानी हेक्टर याने काढून घेतलेले असते. ज्याचे अंगच अभेद्य आहे त्याच्यासाठी एवढी धावपळ कोणती आई करील?

ही केवळ तपशिलाची चूक नाही. नवव्या सर्गात अकिलीस सांगतो की त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: ट्रॉयपाशी लढत राहिलो तर आयुष्य अल्प आणि कीर्ती अक्षय, घरी परतलो तर कीर्ती नाही पण आयुष्य दीर्घ. संपूर्ण काव्याचा ताण या निवडीवर उभा आहे, आणि अभेद्य देहाच्या माणसापुढे ही निवड उभीच राहत नाही. म्हणून नदीची कथा होमरच्या तोंडी घालणे म्हणजे त्याच्या काव्याचा कणाच काढून घेणे आहे, असे मला वाटते.

मग नदी आली कोठून? इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अपोलोनियस या कवीकडे वेगळीच कथा आहे: थेटिस बाळाला रात्री अग्नीत धरते आणि दिवसा त्याच्या अंगाला अमृतासारखे दिव्य अ‍ॅम्ब्रोशिया चोळते, जेणेकरून तो अमर व्हावा, तिचा नवरा पेलियस ते पाहून ओरडतो आणि ती रागाने घर सोडून समुद्रात परत जाते. स्टिक्सच्या पाण्याचा उल्लेख आज उपलब्ध असलेल्या साहित्यात प्रथम आढळतो तो स्टेशियस या रोमन कवीच्या अपूर्ण राहिलेल्या लॅटिन काव्यात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस. ‘इलियड’चा काळ सामान्यतः इ. स. पू. आठवे शतक मानला जातो. मध्ये सुमारे आठशे वर्षांचे अंतर पडते.

दुसरे विधान तर पुस्तकाचे शेवटचे पान पाहिले असते तरी गळून पडले असते. ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यसंस्काराने संपते. तोवर अकिलीस जिवंत आहे आणि ट्रॉय उभे आहे. त्याच्या मृत्यूचे फक्त भाकीत येते: बाविसाव्या सर्गात मरता मरता हेक्टर त्याला बजावतो की ट्रॉयच्या स्केअन दरवाजापाशी पॅरिस आणि अपोलो देव तुला मारतील. टाचेचे नाव तेथेही नाही. लाकडी घोडा ‘ओडिसी’ या होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात आठवणींच्या रूपाने येतो, आणि त्याची सविस्तर कथा आपण ओळखतो ती प्रामुख्याने रोमन कवी व्हर्जिलमुळे. अकिलीसच्या अंत्यविधीचे वर्णनही ‘ओडिसी’च्या अखेरच्या सर्गात आहे: सतरा दिवस शोक, अठराव्या दिवशी दहन.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पायाला लागलेला बाण मात्र जुना आहे. इ. स. पू. सहाव्या शतकातील एका ग्रीक कुंभावर मृत अकिलीसच्या घोट्यात बाण रुतलेला दाखवला होता. तो कुंभ आज हरवला आहे, पण त्याचे रेखाटन उपलब्ध आहे. म्हणजे घोट्याची जखम आधीची आणि ‘तेवढाच भाग मर्त्य होता’ हे स्पष्टीकरण नंतरचे, असे दिसते. घोट्याला बाण लागून एवढा मोठा वीर मेला कसा, हा प्रश्न ऐकणाऱ्यांना पडला असणार आणि त्याचे उत्तर म्हणून बाकीची कथा वाढली असणार, हा माझा तर्क आहे.

शिरेच्या नावाविषयी थोडक्यात. टाचेमागच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याला, अकिलीसचे नाव देण्याचे श्रेय सामान्यतः फिलिप फेरहायन या फ्लेमिश शरीररचनातज्ज्ञाला दिले जाते आणि त्याचा लॅटिन ग्रंथ १६९३ सालचा आहे. तो ग्रीक नव्हता आणि प्राचीनही नव्हता.

आता दुर्योधन. गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून मुलाच्या देहाकडे पाहिले आणि तो वज्राचा झाला, फक्त झाकलेला भाग तेवढा कच्चा राहिला, ही कथा दूरदर्शनवरील मालिकेमुळे घराघरांत पोचली. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. महाभारतात मांडी फुटते ती भीमाच्या प्रतिज्ञेने आणि मैत्रेय ऋषींच्या शापाने. गांधारीच्या दृष्टीचा प्रताप तेथे आहे, पण तो स्त्रीपर्वात: पट्टीच्या कडेतून तिची नजर युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडते आणि नखे काळवंडतात. अर्थात संदेशात तुलना झाली आहे ती रोमन काळातील अकिलीसची आणि दूरदर्शनवरच्या दुर्योधनाची.

गंमत अशी की खरे साम्य शोधायचे असते तर ते महाभारतातच मिळाले असते. वनपर्वात दानव प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरायला, बसलेल्या दुर्योधनाला सांगतात की तुझा वरचा देह शिवाने वज्राचा केला आणि खालचा देवीने फुलांचा. अनुशासनपर्वात दुर्वास कृष्णाला उष्टी खीर अंगाला फासायला सांगतो, कृष्ण ती तळपायांना लावत नाही आणि दुर्वास नाराज होऊन विचारतो की तळवे का सोडलेस. पुढे मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण नेमका तळपायातच लागतो. अकिलीसच्या शेजारी ठेवायचे तर या तळपायाला ठेवावे.

पण शेजारी ठेवणे म्हणजे उसनवारी सिद्ध करणे नव्हे. सुमारे इ. स. १२०० मधील जर्मन महाकाव्य ‘निबेलुंगेनलीड’मध्ये सिगफ्रीड हा वीर ड्रॅगनच्या रक्तात न्हातो आणि खांद्यांच्या मध्ये लिंडेन वृक्षाचे पान चिकटल्याने तेवढी जागा कोरडी राहते, तेथेच हागेन भाला मारतो. नॉर्स कथेतील बाल्डर देव फक्त मिसलटो या बांडगुळाने मरतो. क्रीट बेटाचा पहारेकरी असलेला काशाचा राक्षस टालोस घोट्यापाशी फुटतो. हे सगळे महाभारतावरून घेतले म्हणायचे असेल, तर कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेतून घेतले हे दाखवावे लागेल, आणि संदेशात त्यातले काहीही नाही.

असाच दावा उलट्या दिशेनेही झालेला आहे. पहिल्या शतकातील ग्रीक वक्ता डिओ क्रायसोस्टम याने आपल्या एका भाषणात सांगितले की भारतीय लोक होमरचे काव्य स्वतःच्या भाषेत अनुवादून गातात आणि ट्रॉयचा राजा प्रियाम याची दुःखे, हेक्टरची पत्नी अँड्रोमाकी हिचा विलाप त्यांना ठाऊक आहे. त्याच्या कानावर बहुधा महाभारताविषयीच काही आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.