'पत्ते फिरतील' म्हणणाऱ्यांसाठी

पोकरमध्ये हरणाऱ्याला सगळे एकच सांगतात: धीर धर, पत्ते फिरतील. मला हे अर्धंच पटतं. पत्ते फिरत-बिरत नाहीत. तुमचे मागचे पाच डाव त्यांच्या लक्षातही नसतात.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातातल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. समजा आली, समोर राजांची जोडी आहे आणि दोघंही फ्लॉपआधीच (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधी) ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून मोकळे. एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे याहून चांगलं काही मागता येणार नाही अशा वेळीही पाच-सहा डावांत एकदा मार ठरलेला. राण्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा ही तर जवळपास नाणेफेकच. नाणेफेक ओळीने पाचदा हरण्याची शक्यता ३२ मध्ये १. नियमित खेळणाऱ्याच्या वाट्याला ती येणारच, त्यात कोणाची नजर लागलेली नसते.

आता गोव्याचं बघा. मांडवीतल्या कॅसिनोत टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. शुक्रवारी रात्री पणजी गाठून रविवारी परतणारा फार तर पाचशे डाव खेळतो. एवढ्यावरून तो पट्टीचा खेळाडूही ठरत नाही आणि फुटक्या नशिबाचाही. ऑनलाइनवाले चार टेबलं उघडून एवढे डाव दोन-तीन तासांत उडवायचे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झाला आणि सगळंच संथ झालं. दहा हजार डावांचा पडता काळ टेबलावर साडेतीनशे तासांचा होतो. महिन्याला एक वीकेंड खेळणाऱ्याचं त्यात दीड वर्ष सहज जाईल.

मग दीड वर्ष नुसता धीर धरायचा? इथेच माझं भांडण आहे. नशीब वाईट आहे की खेळ वाईट आहे, हे हरलेल्या रकमेवरून कळत नाही. आणि 'नशीबच खराब' म्हणणाऱ्यांतले बरेच जण खरंच वाईट खेळत असतात (रागावू नका, टेबलावर बघतोच की). त्यांचा धीर म्हणजे तीच चूक शांतपणे पुन्हा करणं.

मी अडचणीचे डाव लिहून ठेवतो: कुठे बसलो होतो, कोणाकडे किती चिप्स, कोणी किती लावले. मग खेळणाऱ्या मित्राला दाखवतो, पण शेवटी कोण जिंकलं ते सांगत नाही. निकाल कळला की माणूस लगेच शहाणा होतो, म्हणून.

टिल्ट, म्हणजे हरल्यावर डोकं बिघडून खेळणं, म्हटलं की टेबल आपटणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तो परवडला, त्याचा राग निदान सगळ्यांना दिसतो. गप्प बसून भीतीपोटी चांगले पत्तेही फोल्ड करणारा, म्हणजे टाकून देणारा, तितकाच टिल्टवर असतो, फक्त त्याला 'संयमी' म्हणतात.

पत्त्यांची जाण आणि डोकं ताळ्यावर ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी. अमेरिकन खेळाडू स्टू अंगरने १९८०, १९८१ आणि १९९७ मध्ये पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली. शेवटच्या वेळी बक्षीस होतं दहा लाख डॉलर. पुढच्याच वर्षी लास व्हेगासच्या एका मोटेलमध्ये तो मेला, जवळपास कफल्लक. ड्रग्ज आणि खेळांवरचा सट्टा.

एका रात्रीत तीन बाय-इन (टेबलावर बसताना चिप्ससाठी भरायची रक्कम) गेले की मी उठतो. पत्ते वाईट आहेत म्हणून नाही. पहाटे तीनला, हरलेल्या अवस्थेत, माझा कॉल (समोरच्याइतकेच पैसे लावणं) नेमका कशामुळे येतोय हे मलाच सांगता येत नाही म्हणून. आणि कॅसिनो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, आपला वाटा कापतं, तेव्हा टेबलावरचे सगळे तुमच्याच तोडीचे असतील तर शांत राहूनही पैसे जातातच. अशा वेळी टेबल बदला.