कंटाळा हवा, पण हात रिकामे नकोत

एप्रिल आला की महाराष्ट्रात तोच वाद: सुट्टी शिबिरांनी भरायची की मुलांना मोकळं सोडायचं? मोकळं सोडा म्हणणारे हटकून परदेशाचा दाखला देतात. इंग्लंडमध्ये राहून तो पटत नाही. आईवडील दोघं नोकरीला असले की इथलीही बरीच मुलं सहा आठवड्यांच्या सुट्टीत हॉलिडे क्लबात, म्हणजे शिबिरांतच, जातात.

घ्यायचंच तर इथलं संशोधन घ्यावं. सेंट्रल लँकेशायर विद्यापीठाच्या सँडी मान आणि रेबेका कॅडमन यांनी कंटाळा यावा म्हणून लोकांना १५ मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले, मग थर्मोकोलच्या दोन कपांचे उपयोग विचारले. थेट कपांकडे वळलेल्यांपेक्षा त्यांना जास्त सुचले. पुढच्या प्रयोगात नंबर नुसते वाचणारे लिहिणाऱ्यांच्याही पुढे गेले. लिहिताना लक्ष अडकतं, वाचताना मन भटकतं.

मात्र अगदीच काही नसलं तर बिघडतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगात रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकट्या बसलेल्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी बटण दाबून स्वतःला विजेचा झटका देऊन घेतला! ‘जरा गप्प बस’ एवढ्याने मुलाला काही सुचेल, ही आशा म्हणूनच फोल आहे.

आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. हात गोल फिरतोय, मन मोकळं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने जमलेल्या ओव्याच एक लाखाच्या वर आहेत. त्या बायकांचे कष्ट गोड मानू नयेत, पण एवढी कविता कुठल्या शिबिरात झाली नाही, हेही विसरू नये.

घरी करायचं तर वाटीभर राजमा आणि वाटीभर चवळी मिसळून द्या. एकाच हाताने, पंधरा मिनिटं निवडायचं. गाणी बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मसूर-मूग नको, बारीक दाण्यांत सगळं लक्ष गुंततं. शर्यत लावू नका, बक्षीस ठेवू नका. मग तो खेळ होतो आणि कंटाळा पळतो. निवडून झालं की लगेच पाठकोरे कागद, एक पेन्सिल, दोरा, रिकामी खोकी पुढे ठेवा. सूचनांसकट येणारा क्राफ्टचा तयार संच आणू नका. त्यात शोधायला काही उरत नाही. सुरुवातीला किरकिर होणारच. बहुतेक पालक तिथेच विरघळतात आणि मोबाइल हातात देतात. तेवढा वेळ तग धरा.